आभासी कार्डाची रखडपट्टी

समजा, लॅपटॉपवर १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे आणि फाइल सेकंदाला अकरा-बारा मेगाबाइटने उतरते आहे. त्याच लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, उबुंटूत, तीच फाइल सेकंदाला एक मेगाबाइटही गाठत नाही. तार तीच, राउटर तोच. अशा वेळी इंटरनेट कंपनीला फोन लावून काही हाती लागत नाही. दुखणं लॅपटॉपच्या आतच असतं.

आधी मोजा. ‘आयपर्फ३’ हे मोफत साधन लॅपटॉपवर आणि आतल्या उबुंटूत टाकून फक्त त्या दोघांमधला वेग पाहा. या वाटेत इंटरनेट येतच नाही. इथेही वेग मरतुकडा निघाला, तर पहिला संशय आभासी नेटवर्क कार्डावर घ्यावा.

कारण ते कार्ड म्हणजे सॉफ्टवेअरने घेतलेलं सोंग. व्हर्च्युअल मशीन चालवणारा व्हर्च्युअलबॉक्स बहुधा इंटेलच्या प्रो/१००० मालिकेतल्या जुन्या कार्डाचं सोंग घेतो. आतला लिनक्स समोर खरी चिप आहे असं धरून तिच्या रजिस्टरमध्ये आकडा लिहायला जातो. त्याच क्षणी प्रोसेसर त्याला थांबवतो आणि ताबा हायपरव्हायजरकडे, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरकडे, देतो. चिपने जे केलं असतं ते हायपरव्हायजर करून दाखवतो, मग काम पुढे सरकतं. एका खेपेला लागणारा वेळ नगण्य. पण गिगाबिट वेगाने पूर्ण आकाराची पॅकेट सेकंदाला ८१ हजारांहून अधिक येतात, आणि तेव्हा हा हेलपाटा प्रोसेसरला भारी पडतो.

लिनक्स कर्नलचे प्रोग्रामर रस्टी रसेल यांनी यावर सरळ उपाय काढला: सोंगच नको. त्यांचं ‘व्हर्टआयओ’ २००८ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स कर्नल २.६.२४ मध्ये होतं. आपण आभासी आहोत हे आतल्या यंत्रणेला ठाऊक असतं. दोन्ही बाजू सामायिक मेमरीतल्या रांगेत पॅकेट ठेवतात आणि उचलतात, त्यामुळे हेलपाटे कमी होतात. सेटिंगमध्ये अडॅप्टरचा प्रकार बदलला की झालं. लिनक्सात ड्रायव्हर असतोच, विंडोजमध्ये वेगळा टाकावा लागतो.

खरी डोकेदुखी वेगळीच. लॅपटॉप ते उबुंटू वेग उत्तम, अपलोडही ठीक, फक्त बाहेरून येणारं डाउनलोड रांगतं. नेटवर्क ‘ब्रिज’ पद्धतीने, म्हणजे लॅपटॉपच्या खऱ्या कार्डातून थेट बाहेर, जोडलेलं असेल, तर एलआरओ (लार्ज रिसीव्ह ऑफलोड) ही सोय तपासा. तिच्यात प्रोसेसरचं ओझं कमी व्हावं म्हणून लॅपटॉपचं खरं कार्ड आलेली अनेक पॅकेट जोडून एक मोठं पॅकेट करतं. आभासी कार्डाची अपेक्षा १५०० बाइटची, म्हणून ते जाडं पॅकेट वाटेत गळू शकतं. पॅकेट गळालं की त्यांची ने-आण सांभाळणारा टीसीपी हा प्रोटोकॉल समजतो वाटेत गर्दी झाली, आणि पाठवणारा वेग उतरवतो. ही सवय त्याला १९८८ पासूनची. १९८६ मध्ये बर्कलेजवळ जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरावर गर्दीमुळे वेग ३२ हजार बिटवरून सेकंदाला ४० बिटवर कोसळला होता; त्यानंतर संशोधक व्हॅन जेकबसन यांनी ही शिस्त घालून दिली. ती योग्यच आहे, पण इथे गर्दी नसतानाही ब्रेक लागतो. लिनक्सवर ‘ईथटूल’ने एलआरओ बंद करता येतो, विंडोजमध्ये याच सोयीला आरएससी म्हणतात.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि दर वेळी पुन्हा मोजा. चार गोष्टी एकदम बदलून वेग वाढला, तर दोष कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या अपडेटनंतर तो परतला की सगळं पहिल्यापासून शोधावं लागेल.