हसवणाऱ्याचे कर्ज

१८९६ च्या जानेवारीत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात साठ वर्षांचा एक अमेरिकन लेखक पत्नी आणि मुलीसह उतरला. बाल्कनीत येणाऱ्या आगाऊ कावळ्यांची त्याला इतकी गंमत वाटली, की पुढे प्रवासवर्णनात त्याने त्यांना मानाचे पान दिले. मुंबईकर श्रोत्यांनाही त्याने पोटभर हसवले. परंतु ही हौसेची सफर नव्हती. मार्क ट्वेन डोक्यावरचे कर्ज फेडण्यासाठी जगभर हिंडत होता.

सॅम्युएल क्लेमेन्स हे त्याचे खरे नाव. जन्म १८३५ चा, बालपण मिसिसिपीकाठच्या हॅनिबल गावात. अकराव्या वर्षी पितृछत्र हरपले आणि पोराने छापखान्यात उमेदवारी धरली. पुढे तो आगबोटीचा पायलट झाला. नदीत दोन वाव पाणी असल्याची खलाशांची हाळी म्हणजे ‘मार्क ट्वेन’. तेच त्याने टोपणनाव घेतले. ‘टॉम सॉयर’ आणि ‘हकलबरी फिन’ने त्याला कीर्ती दिली, पैसाही दिला.

तो पैसा गिळला एका यंत्राने. हाताने खिळे जुळवण्याचे कष्ट त्याने स्वतः सोसले होते. त्यामुळे आपोआप खिळे जुळवणाऱ्या पेजच्या यंत्राची त्याला भूल पडली. सुमारे १८,००० सुट्या भागांचे ते नाजूक धूड सतत बिघडे. तोवर लायनोटाइपने बाजार काबीज केला. त्यातच १८९४ मध्ये त्याची प्रकाशनसंस्थाही बुडाली.

दिवाळे जाहीर झाल्यावर कायद्याने त्याला थोडक्यात सुटता आले असते. मात्र प्रत्येकाची पै न् पै चुकती व्हावी, असा पत्नी ऑलिव्हियाचा आग्रह होता. हेन्री रॉजर्स या धनाढ्य मित्राने व्यवहार हाती घेतला आणि १८९५ च्या उन्हाळ्यात ट्वेन दौऱ्यावर निघाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हिंदुस्थान, दक्षिण आफ्रिका. प्रकृती साथ देत नव्हती, तरी व्याख्याने चालूच राहिली.

दौरा संपवून तो इंग्लंडला पोचला, आणि ऑगस्ट १८९६ मध्ये तार आली. अमेरिकेत मागे राहिलेली लाडकी लेक सूझी मेंदूज्वराने गेली होती, अवघ्या चोविसाव्या वर्षी. तिच्या आजारपणाच्या बातमीने धास्तावलेली आई तेव्हा बोटीत, भर समुद्रात होती. अशा दुःखात त्याने लंडनमध्ये बसून दौऱ्याचे ते खुसखुशीत पुस्तक पुरे केले. १८९८ मध्ये सारे कर्ज फिटले.

१९०४ मध्ये ऑलिव्हिया गेली, १९०९ मध्ये धाकटी जीन. २१ एप्रिल १९१० रोजी त्यानेही डोळे मिटले.

घरातले मूल टॉमने कुंपणाला चुना लावून घेतल्याची गोष्ट वाचून खदखदून हसले, की त्याला ही दुसरी गोष्टही जरूर सांगावी. दुसऱ्याकडून काम करवून घेणाऱ्या त्या खट्याळ पोराच्या निर्मात्याने स्वतःचे ओझे मात्र दुसऱ्यावर टाकले नाही.