हॉटेलांची तारभाषा : एका संकेतपद्धतीचा रूपविचार

मराठीत ‘हॉटेल’ म्हटले की प्रथम उपाहारगृह डोळ्यांपुढे येते. प्रस्तुत टिपणात मात्र तो शब्द प्रवाशाच्या मुक्कामाची जागा या मूळ अर्थाने योजला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात फिरणाऱ्या प्रवाशापुढे दोन प्रश्न असत. पहिला, कोठे उतरावे? याचे उत्तर बेडेकरच्या मार्गदर्शिकेत मिळे. तीत खोल्यांचे व भोजनाचे दर दिलेले असत आणि विशेष पसंतीच्या हॉटेलापुढे तारकाचिन्ह असे. दुसरा प्रश्न असा, की परक्या भाषेच्या हॉटेलवाल्यास आपली गरज थोडक्या खर्चात व निःसंदिग्धपणे कशी कळवावी? तारेचे मूल्य शब्दागणिक पडे. या गरजेतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉटेलांचा आंतरराष्ट्रीय तारसंकेत रूढ झाला. भाषाभ्यासकाने त्याकडे अवश्य पाहावे.

‘आल्बा’ म्हणजे एक खोली, एक खाट. ‘अरब’ म्हणजे एक खोली, दोन खाटा. ‘अबेक’ म्हणजे एक खोली, तीन खाटा. ‘बेलाब’, ‘बिराक’ व ‘बोनाद’ या दोन खोल्या, खाटा अनुक्रमे दोन, तीन व चार. ‘सिरोक’ म्हणजे तीन खोल्या, तीन खाटा. ‘कारिद’ म्हणजे तीन खोल्या, चार खाटा. वरवर हे शब्द यादृच्छिक वाटतात. परंतु ते रोमन लिपीत लिहून पाहिले असता व्यवस्था उघड होते. आद्याक्षराचा वर्णमालेतील क्रमांक ही खोल्यांची संख्या होय, तर अंत्याक्षराचा क्रमांक ही खाटांची. ‘बोनाद’च्या आरंभी दुसरे अक्षर बी, शेवटी चौथे अक्षर डी.

मग मधली अक्षरे कशासाठी? त्यांचे कार्य दुहेरी आहे. १९०३ च्या लंडन परिषदेने कृत्रिम संकेतशब्दांना मान्यता दिली ती ते उच्चारयोग्य असावेत या अटीवर. स्वरांमुळे ही अट पाळली जाते. दुसरे असे, की केवळ आद्य व अंत्य अक्षरे पाठविली असती तर एका अक्षराच्या चुकीने तीन खाटांच्या दोन झाल्या असत्या, आणि रात्री पोहोचलेल्या कुटुंबातील एकास जमिनीवर निजावे लागले असते. ‘बेलाब’ व ‘बिराक’ यांत मात्र तीन अक्षरांचा भेद आहे. एक अक्षर चुकले तरी एकाचा दुसरा होत नाही. अर्थदृष्ट्या निरर्थक असलेला अंश येथे अर्थाचे रक्षण करतो. स्वाभाविक भाषांतील अतिरिक्ततेचेही एक प्रयोजन हेच आहे.

या मुख्य शब्दांना पूरक शब्द जोडीत : ‘किंड’ म्हणजे मुलाची खाट, ‘बात’ म्हणजे स्वतंत्र स्नानगृह, ‘पोबाब’ म्हणजे रविवारी सकाळी आगमन, ‘पास’ म्हणजे एका रात्रीचा मुक्काम. ‘बेलाब किंड पोबाब पास’ या चार शब्दांत, एरवी पंधरा-वीस शब्द लागले असते असा मजकूर मावे.

व्यवस्थेची मर्यादा ‘आल्बादुओ’ या शब्दात दिसते. एकच पण दुहेरी खाट हवी असल्यास संख्येवर आधारलेली रचना अपुरी पडते. कारण येथे भेद संख्येचा नसून प्रकाराचा आहे. तेव्हा संकेतकारांनी जुन्या शब्दास दोन या अर्थाचा ‘दुओ’ जोडून समास केला. पूर्वयोजित कृत्रिम व्यवस्थेसही अनपेक्षित अर्थ सामावून घेताना स्वाभाविक भाषेचाच मार्ग धरावा लागला, हे लक्षणीय होय.