कर्नेलमधील स्मृतिवाटप : जोडीदार गट आणि स्लॅब

संगणकाच्या स्मृतीत एकंदर रिकामी जागा भरपूर असूनही एखादी मागणी नाकारावी लागते, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु जागा विखुरलेली आणि मागणी मात्र सलग जागेची, असा प्रसंग आला की हेच घडते. सामान्य प्रोग्रामला ही अडचण जाणवत नाही, कारण विखुरलेली पृष्ठे पृष्ठसारणीच्या साहाय्याने त्याला सलग भासविता येतात. कर्नेलला मात्र अनेकदा भौतिक स्मृतीचाच सलग भाग लागतो. शिवाय काही कामांत त्याला क्षणभरही थांबता येत नाही. म्हणून वाटप जलद झाले पाहिजे आणि परत आलेले तुकडे पुन्हा जुळले पाहिजेत.

केनेथ नोल्टन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेली जोडीदार पद्धती या दोन्ही अपेक्षा पुऱ्या करते. लिनक्स कर्नेल हिचाच अवलंब करतो. तेथे पृष्ठ सामान्यतः ४०९६ बाइटांचे असते आणि गट १, २, ४, ८ अशा दुपटीच्या मापांचे असतात. योग्य मापाचा गट नसल्यास मोठा गट निम्मा केला जातो. दोन्ही अर्धे मोकळे होताच ते पुन्हा एक होतात. समजा, ८ ते ११ क्रमांकांच्या पृष्ठांचा गट मोकळा झाला. त्याचा जोडीदार १२ ते १५ हा होय. ४ ते ७ हा गट शेजारी असला तरी जोडीदार नव्हे. प्रारंभ-क्रमांकातील एकच द्विमान अंक उलटविला की जोडीदार सापडतो. शोधाशोध करावी लागत नाही. या सोयीचे मोल असे की, पाच पृष्ठांच्या मागणीस आठ पृष्ठांचा गट द्यावा लागतो.

लहान वस्तूंच्या बाबतीत हे मोल परवडणारे नाही. फाइलच्या नावाची नोंद सुमारे १९२ बाइटांची. तिला संपूर्ण पृष्ठ देणे म्हणजे उधळपट्टीच. जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या स्लॅब पद्धतीत एका जातीच्या वस्तूंसाठी पृष्ठे राखून ठेवतात. एका पृष्ठात अशा २१ नोंदी मावतात आणि केवळ ६४ बाइट वाया जातात. मोकळी झालेली जागा त्याच जातीच्या पुढील वस्तूस तत्काळ मिळते.

तथापि या दोन पद्धतींचे हित सर्वस्वी एक नाही. २१ पैकी एक नोंद जरी वापरात राहिली, तरी ते पृष्ठ जोडीदार पद्धतीकडे परत जात नाही, आणि त्या एका पृष्ठापायी मोठा गट जुळत नाही. लिनक्समध्ये हलविता येणारी व न येणारी पृष्ठे शक्यतो वेगळ्या विभागांत ठेवतात, ती याच कारणास्तव. तात्पर्य, स्मृतिवाटपात अपव्यय समूळ टाळता येत नाही. तो कोठे पत्करावयाचा, एवढेच ठरविता येते.