मोटारीचा जुना माचा: आधी टेकू, मग दुरुस्ती



नदी, ओढा किंवा धरणाच्या फुगवट्याच्या काठी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मोटारी लाकडी किंवा लोखंडी माच्यावर बसवलेल्या आहेत. रात्रीची लाइट आली की त्याच माच्यावर अंधारात आपण एकटे चढतो. सध्या पाणी खाली गेलंय, खांब उघडे पडलेत. पावसाआधी ते तपासायची आणि मजबूत करायची हीच वेळ.

*खांब कुठे कुजतो?*
कायम पाण्यात बुडालेला भाग सहसा शाबूत असतो. पाणी जिथं चढतं-उतरतं, म्हणजे जिथं ओल आणि हवा दोन्ही मिळते, तिथं लाकूड कुजतं आणि लोखंड गंजतं. त्यामुळे वरून चांगला दिसणारा खांब मधेच पोकळ असू शकतो.

*तपासणी अशी करा*
▪️ माच्यावर चढू नका, काठावरून किंवा खालून बघा.
▪️ पाण्याच्या खुणेजवळ आणि मातीलगत स्क्रू-ड्रायव्हर टोचा. अर्धा इंच सहज आत गेला तर खांब गेलाय समजा.
▪️ लोखंडी खांबावर हातोडीने हलकं ठोका. खपल्या निघाल्या किंवा आवाज बद्द आला तर पत्रा पातळ झालाय.
▪️ बुडाशी माती वाहून खांब अधांतरी झालाय का ते बघा.
▪️ नटबोल्ट हलवून बघा. मोटारीच्या थरथरीने ते ढिले होतात.

*महत्त्वाचं:* काठावर पाण्याला समांतर लांब भेग दिसत असेल, किंवा अख्खा माचा पाण्याकडे झुकला असेल, तर दुरुस्ती करू नका. तिथं काठच सरकतोय, नवे खांबही त्याच्याबरोबर जातील. मोटार काढा आणि जागा बदला. निम्म्याहून जास्त खांब पोकळ निघाले तरी नवा माचाच करा.

*कामाआधी*
१) मेन स्विच बंद करून फ्यूज काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा. ऑटो स्विच असेल तर लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, म्हणून नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही.
२) मोटार उतरवा, पाइप रिकामा करा. फूटव्हॉल्व्हमुळे पाइपात पाणी भरलेलंच राहतं. ४ इंची २० फूट पाइपात साधारण ५० लिटर, म्हणजे ५० किलो वजन असतं.
३) धरणातून पाणी सोडणार आहेत का ते ग्रामपंचायतीत किंवा पाटबंधारे विभागाकडे विचारा.
४) किमान तीन माणसं हवीत, त्यातला एक कायम काठावर. हाताशी दोर आणि हवा भरलेली ट्यूब ठेवा. पोहता येतं म्हणून एकट्याने उतरू नका.

*आता खरं काम*
दुरुस्ती करतानाही माचा पडू शकतो. कुजका खांब आधी काढला जातो, किंवा त्याच्या बुडाशी खड्डा घेतला जातो, आणि वरचा भार अचानक बाजूच्या कमजोर खांबावर येतो. म्हणून क्रम चुकवू नका:

*१. टेकू:* जुन्या खांबापासून दोन-तीन फुटांवर, वरच्या तुळईखाली पक्का टेकू द्या. टेकूखाली २ इंच जाडीची रुंद फळी ठेवा, नाहीतर तो गाळात रुतेल. समोरासमोर दोन पाचरी ठोकून टेकू घट्ट करा. जॅक लावलात तर भार टेकूवर येईल इतकाच उचला, माचा सरळ करायच्या नादात जास्त उचलू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर माच्याखाली कधीच जाऊ नका.

*२. पाया:* जुन्या खांबाच्या बाजूला गाळ काढून घट्ट जमीन लागेपर्यंत खणा. २ बाय २ फूट, १ फूट जाडीचं काँक्रीट टाका. प्रमाण १ घमेलं सिमेंट, २ वाळू, ४ खडी. एका पायाला साधारण पाऊण बॅग सिमेंट लागतं. खड्ड्यात पाणी येत असेल तर भोवती मातीच्या गोण्या रचून पाणी उपसा, कारण पाण्यात ओतलेल्या काँक्रीटमधलं सिमेंट धुऊन जातं. वरची बाजू थोडी उतरती ठेवा. ७ ते १० दिवस पाणी मारा, तोवर भार देऊ नका.

*३. जोडखांब:* नवा खांब काँक्रीटमध्ये पुरू नका, वर लोखंडी प्लेटवर बोल्टने बसवा, म्हणजे बूड कोरडं राहील. तुळईला खिळे मारू नका. १२ मिमीचे आरपार जाणारे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट, दोन्ही बाजूंनी वॉशर लावून वापरा. लोखंडाला आधी रेडऑक्साइड, मग रंग. वेल्डिंग लागलं तर तुकडे काठावर कोरड्या जागी जोडून आणा.

*४. फुली:* दोन-दोन खांबांमध्ये फुलीसारखे तिरके पट्टे बोल्टने बसवा. खांब कितीही जाड असले तरी फुलीशिवाय माचा डुलतो.

*एका वेळी एकच खांब.* पहिल्याचं काम पूर्ण होऊन भार आला की मगच टेकू पुढे हलवा.

लाकडाला जळकं ऑइल लावायची बऱ्याच ठिकाणी सवय आहे. ते पाण्यात उतरतं, आणि तेच पाणी जनावरं पितात. ते टाळा.

काम झाल्यावर मोटार बसवण्याआधी अर्थिंग तपासून घ्या, लोखंडी माच्याला तर नक्कीच. पुढे पूर येणार असं कळलं तर माच्यावर विश्वास ठेवू नका, मोटार आधीच वर काढा.

आपल्या माच्याचे दोन फोटो पाठवा, एक पाण्याच्या खुणेजवळचा, एक बुडाचा. शंका असेल तर काम सुरू करण्याआधी विचारा. माचा पुन्हा उभा राहतो, माणूस गेला तर परत येत नाही.

आपला कृषी सल्लागार