निकालाच्या दिवशीचा नारळ

शाळेचे वर्ष नेमके केव्हा संपते, या प्रश्नाला एक उत्तर नाही. शिक्षण खात्याच्या लेखी ते एका परिपत्रकाने संपते. मुख्याध्यापकांच्या लेखी निकालपत्रकाची प्रत केंद्रप्रमुखांकडे पोचती झाली म्हणजे संपते. आणि मुलांच्या लेखी तर शेवटचा पेपर देऊन वर्गाबाहेर पाऊल टाकले की ते संपलेलेच असते. परंतु ज्या गावात शाळा आहे त्या गावाच्या दृष्टीने वर्ष संपण्याचा एक ठरलेला दिवस असतो, आणि तो म्हणजे १ मे. त्या दिवशी सकाळी ध्वजवंदन होते आणि पाठोपाठ निकाल लागतो. १९६० साली याच तारखेला महाराष्ट्र राज्य जन्माला आले. ज्या जिल्हा परिषदांच्या शाळांतून ग्रामीण महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या, त्या जिल्हा परिषदाही १९६२ साली याच दिवशी अस्तित्वात आल्या. प्रगतिपुस्तक हाती पडण्याच्या धाकधुकीत असलेल्या मुलाला अर्थात या दोन्ही गोष्टींशी काही कर्तव्य नसते.

२०२५ सालच्या १ मे रोजी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातील एका लहानशा गावी, एका शिक्षक मित्राच्या आग्रहावरून जाण्याचा योग आला. शाळा पहिली ते पाचवीपर्यंतची, शिक्षक दोन, मुले चौतीस. ऊन चढण्यापूर्वी सारे आटोपावे म्हणून साडेसातलाच ध्वज वर चढला. राजा बढे यांचे जे गीत २०२३ पासून राज्यगीत झाले आहे ते मुलांनी म्हटले. त्यानंतर आम्ही पटांगणातल्या कडुलिंबाखाली बसलो. सतरंज्या दोनच होत्या; बाकीचे गाव जमिनीवर बसले. गाव म्हणावे एवढी माणसे खरोखरच आली होती, आणि याचे कारण शिक्षणप्रेम एवढेच नव्हते. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या नुकत्या परतल्या होत्या. दिवाळीच्या सुमारास ‘उचल’ घेऊन बाहेर पडलेली माणसे साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत गावी येत नाहीत. त्यामुळे या भागात शाळेचे वर्ष अर्ध्या ओस गावात सुरू राहते, आणि ते संपते मात्र भरल्या गावात. कोणी आजीजवळ राहिलेले, कोणी हंगामी वसतिगृहात जेवलेले, कोणी आईबापांबरोबर फडावर जाऊन आलेले, असे प्रत्येक मूल त्या दिवशी आपले वर्ष घेऊन तेथे बसले होते.

या प्रसंगाविषयी लिहिण्यापूर्वी माझ्या मनातला जुना निकालाचा दिवस सांगितला पाहिजे. नाहीतर मी जुन्या काळाची आरती ओवाळतो आहे असा वाचकांचा समज व्हायचा. १९६५-६६ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेत मी शिकत होतो. निकालाच्या दिवशी पास झालेल्या मुलाने गुरुजींपुढे नारळ ठेवावा आणि घरोघर साखर किंवा पेढे वाटावेत, अशी रीत होती. गुरुजी खुर्चीवर बसून नावे पुकारीत. ‘पास’ हा शब्द ऐकला की मूल धावत सुटे आणि फाटकाशीच त्याचा नारळ घेऊन कोणीतरी उभे असे. ज्यांची नावे आलीच नाहीत ती मुले तशीच बसून राहत. प्रगतिपुस्तकात लाल शाईची रेघ असे. मधल्या स्थितीतल्या मुलांसाठी ‘वर्गोन्नत’ हा भारदस्त शब्द होता. गावाने त्याचे ‘ढकलपास’ असे अचूक भाषांतर केले होते. ढकलपास मुलाने नारळ द्यावा की न द्यावा, हा एक नाजूक सामाजिक प्रश्नच होता!

चौथीच्या निकालाला माझ्याशेजारी बसणारा मुलगा नापास झाला. त्याच्या वडिलांनी मोठ्या भरवशाने नारळ आणला होता. तो नारळ हातात तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हाताने त्याला सर्वांदेखत मारले. गुरुजींनी त्यांना अडविले नाही. मी माझा नारळ गुरुजींपुढे ठेवून घरी गेलो, पेढे वाटले, आणि त्याच्या घरावरून जाताना पेढ्यांची ताटली सदऱ्याखाली झाकून घेतली. जून महिन्यात तो शाळेत आला नाही, पुढेही कधी आला नाही. निकालाचा आनंद म्हणून मी जे आठवतो त्यातला किती भाग दुसऱ्याच्या अपमानावर उभा होता, याचा हिशेब त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अमलात आला आणि आठवीपर्यंत कोणाही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवावयाचे नाही असे ठरले. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. गुणांच्या जागी श्रेणी आली आणि लाल शाई गेली. हा बदल योग्यच होता असे माझे मत आहे, आणि सदऱ्याखाली ताटली झाकलेल्या माणसाचे मत दुसरे असू शकत नाही. परंतु एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. नापासाची भीती आपण काढून टाकली. तिच्याबरोबर निकालाच्या दिवसातला जीवही गेला, आणि त्या रिकाम्या जागी दुसरे काही आणण्याचे कोणाला सुचले नाही. सर्वच पुढच्या वर्गात जाणार हे आधीच ठाऊक असल्यावर निकाल ऐकावयास यावे कोणी आणि कशासाठी? अनेक शाळांतून १ मे म्हणजे ध्वजवंदनानंतर प्रगतिपत्रकांचा गठ्ठा वाटून कुलूप लावण्याचा दिवस झाला. त्या पत्रकांवरील वर्णनात्मक नोंदींची भाषाही पाहण्यासारखी असते. ‘उपक्रमात उत्स्फूर्तपणे सहभागी होतो’ हे वाक्य एकाच वर्गातल्या वीस मुलांच्या पत्रकांवर असते. ते वाचून आईबापांना आपल्या मुलाविषयी काय कळावे? यात शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. परंतु २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबविण्यात आल्या आणि निकाल मात्र १ मे रोजीच लावावयाचा होता. पाच दिवसांत उत्तरपत्रिका, श्रेण्या, नोंदी आणि संगणकावरील माहिती इतके सगळे पार पाडणाऱ्या माणसाकडून प्रत्येक मुलाविषयी स्वतंत्र वाक्याची अपेक्षा करणे न्यायाला धरून नाही.

शहरांतल्या काही खाजगी शाळांनी ही रिकामी जागा स्वतःच्या पद्धतीने भरली आहे. बालवाडी संपविणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून पदवीदान समारंभ करण्याची टूम तेथे निघाली आहे. झग्याचे भाडे पालकांकडून घेतात. ज्याला अजून स्वतःची बटणे लावता येत नाहीत त्याला पदवीधर करून टाकण्याची ही घाई कशासाठी, हे मला उमजलेले नाही. छायाचित्रे मात्र चांगली येतात.

त्या डोंगरातल्या गावी झगे नव्हते. मुख्याध्यापकांनी एक साधी गोष्ट केली. निकाल वाचण्याऐवजी त्यांनी मुलांनाच वाचावयास लावले. प्रत्येक मुलाने उभे राहून आपल्या इयत्तेच्या पुस्तकातला कोणताही परिच्छेद गावाला वाचून दाखवावयाचा, किंवा फळ्यावर एक गणित सोडवावयाचे, किंवा वर्षात काय केले ते सांगावयाचे. पहिलीच्या मुलांनी आपले नाव आणि गावाचे नाव लिहिले. एकाने गावाच्या नावातला काना विसरला, तेव्हा मागून चार जण ओरडले. दुसरीतल्या एका मुलाने फळ्यासमोर उभे राहताच रडावयास सुरुवात केली, म्हणून त्याला खाली बसविण्यात आले. या सगळ्याला दोन तास लागले. समारंभ म्हणून पाहिले तर तो लांबला होता.

तिसरीतली एक मुलगी जानेवारीपर्यंत फडावर होती. धाकट्या भावाला सांभाळावयास आईने तिला बरोबर नेले होते. पुढे आजी आजारी पडली म्हणून ती गावी परत आली आणि शाळेत बसू लागली. तिने धडा वाचावयास घेतला तेव्हा बोट शब्दाशब्दावर ठेवून, थांबत थांबत, जोडाक्षरांशी झटापट करीत ती वाचत होती. एक परिच्छेद संपावयास चांगली पाच मिनिटे लागली असतील. पटांगणात कोणी बोलले नाही. ती खाली बसल्यावर मागच्या बाजूने तिच्या आजीने विचारले, “गुरुजी, आता हिला एसटीवरची पाटी वाचता येईल का?” गुरुजी म्हणाले, “येईल की, आजी. तुम्हाला आता कुणाला विचारावं लागणार नाही.” या संवादाला प्रगतिपत्रकात रकाना नाही. परंतु शाळेने वर्षभर काय केले याचा याहून स्पष्ट हिशेब मी तरी कोणत्या अहवालात वाचलेला नाही.

खिचडी शिजविणाऱ्या दोघी मावशींना त्या दिवशी पुढे बोलावून एकेक नारळ आणि खण देण्यात आला. त्यांचे मानधन तुटपुंजे, आणि तेही वर्षातले दहा महिनेच मिळते. शाळा सुटली की चूल विझते आणि मानधनही थांबते. नारळ गुरुजींपुढे न जाता त्यांच्या ओटीत गेला, हे पाहून मला बरे वाटले.

आता पाचवीविषयी. २०१९ साली केंद्राने शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती करून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची व गरज पडल्यास मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियमांत तसा बदल केला. प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के हवेत. न मिळाल्यास मुलाला जादा मार्गदर्शन द्यावयाचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यावयाची. तीतही अपयश आले तर मूल त्याच वर्गात राहते. म्हणजे नापास हा शब्द मागच्या दाराने पुन्हा शाळेत आला आहे. त्याला विरोध करणाऱ्यांची बाजू मला ठाऊक आहे, आणि काहीच न येता मूल आठवीत पोचते म्हणून हळहळणाऱ्या शिक्षकांचे दुःखही खोटे नाही. माझी शंका निराळी आहे. निकाल १ मे रोजी लागतो आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. मधले सहा आठवडे सुट्टी आहे. कायद्याने सांगितलेले ते जादा मार्गदर्शन या सहा आठवड्यांत द्यावयाचे कोणी? शिक्षक आपापल्या गावी गेलेले, पालक वीटभट्टीच्या किंवा रस्त्याच्या कामावर, आणि मूल त्यांच्याबरोबर. ज्याला वर्षभरात भागाकार आला नाही त्याला तो सुट्टीत आपोआप येईल, अशी कल्पना या व्यवस्थेच्या मुळाशी असावी काय?

त्या शाळेत पाचवीची सहा मुले होती. त्यांतल्या एकाला गणितात ३५ टक्के मिळाले नव्हते. मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशीच त्याच्या घरी जाऊन आईबापांना ते सांगितले होते, त्यामुळे पटांगणात त्याविषयी अवाक्षर निघाले नाही. तो उभा राहिला तेव्हा त्याने वर्षभर शाळेच्या रोपांना पाणी कसे घातले ते सांगितले. टाळ्या पडल्या. त्याचा चेहरा मात्र फारसा खुलला नाही. सांत्वन आणि शाबासकी यांतला फरक अकरा वर्षांच्या मुलाला पुरता कळतो. समारंभाने सगळे साधते असे म्हणण्याचा माझा आग्रह नाही.

या शाळांपुढे दुसरेही एक सावट आहे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील शाळांचे दाखले देण्यात आले. एका खोलीत पाच मुलांनी एका शिक्षकापुढे बसण्यापेक्षा चांगल्या इमारतीत शंभरांत बसावे, हा युक्तिवाद टाकाऊ नाही. परंतु ज्या वाडीतली शाळा उठते त्या वाडीला निकालाचा दिवस उरत नाही. बसने दहा किलोमीटरवर जाणाऱ्या मुलाच्या निकालाला आजी जाणार नाही, आणि तिचा प्रश्न कोणी ऐकणार नाही. चौतीस मुलांच्या त्या शाळेला आज धोका नाही. परंतु पुढच्या जूनमध्ये पहिलीला किती मुले येणार याची यादी मुख्याध्यापकांच्या खिशात होती, आणि समारंभ चालू असताना ती त्यांनी दोनदा काढून पाहिलेली मी पाहिली.

दहाच्या सुमारास गूळ-शेंगदाणे वाटून झाले. ऊन पत्र्यावर तापू लागले तशी माणसे पांगली. पाचवीतल्या त्या मुलाचे वडील मुख्याध्यापकांशी काहीतरी बोलत उभे होते. डी. एड. होऊन शिक्षक भरतीची वाट पाहत घरी बसलेली गावातली एक तरुणी तेथे आली. रोज सकाळी तासभर मारुतीच्या देवळात त्याचे गणित घ्यावयाचे तिने कबूल केले. तिला त्याबद्दल काय द्यावयाचे, हा विषय निघाला तेव्हा ती हसली आणि वडील गप्प झाले. एका मुलाने लोखंडी पट्टीवर टोले देऊन शेवटची घंटा वाजविली. ती सुट्टीची होती म्हणून त्याने मोजून न वाजविता हात दुखेपर्यंत वाजविली. मुख्याध्यापकांनी खोल्यांना कुलपे घातली आणि शाळेच्या किल्ल्या मावशींकडे दिल्या. रोपांच्या पाण्याचे काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा पाचवीतला तो मुलगाच म्हणाला, “मी हाय ना.”