तांबेऱ्याचे चित्र

गव्हाच्या ताटावर तांबूस पूड दिसू लागली की पिकावर तांबेरा आला, हे कोणाही अनुभवी शेतकऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. पिकातून चालून आल्यावर कपड्यांस लागणारी ही पूड त्याच्या चांगल्या परिचयाची असते. परंतु ही पूड म्हणजे नेमके काय, ह्याचा उलगडा दोनशे वर्षांपूर्वी यूरोपातील विद्वानांनाही नीट झालेला नव्हता. कोणी धुक्यास दोष देई, कोणी दूषित हवेस, तर ताटातील रस नासून ही पूड बाहेर पडते असेही पुष्कळांस वाटे. इटलीतील फोंताना व तार्जोनी-तोझेत्ती ह्या दोन शास्त्रज्ञांनी १७६७ साली तांबेरा हा गव्हावर जगणारा एक सूक्ष्म परोपजीवी आहे असे प्रतिपादन केले व त्याची चित्रेही काढली. तथापि विद्वानांचे हे बोलणे शेताच्या बांधापर्यंत पोहोचले नाही.

इंग्लंडात १८०४ साली गव्हावर तांबेरा फार पडला व पिकाची मोठी नासाडी झाली. त्यावेळी तेथील रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स हे होते. ते स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय जमीनदार असल्यामुळे शेतीचा व्यवहार त्यांच्या रोजच्या पाहण्यातला होता. त्यांनी पुढच्याच वर्षी, १८०५ साली, ह्या रोगाची कारणे सांगणारी एक लहानशी पुस्तिका छापवून प्रसिद्ध केली. तांबेरा ही एक अतिसूक्ष्म बुरशी आहे, तिचे बीज वाऱ्याबरोबर येते आणि काडावरील बारीक रंध्रांतून आत शिरून ताटाचा रस शोषते, असा तिचा आशय होता. आज ज्यास आपण शेतीविषयक प्रसारपत्रिका म्हणू, तशाच प्रकारचे हे काम होय. पुस्तिकेतील मजकूर थोडका आहे. वाचकाची खात्री पटवण्याचे खरे काम केले ते तिच्यातील चित्रांनी. आणि ती चित्रे फ्रांत्स बाउअर नावाच्या चित्रकाराची होती.

बाउअर यांचा जन्म १७५८ साली फेल्ड्सबर्ग येथे झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात असून त्यास वाल्टित्से म्हणतात. त्यांचे वडील लिक्टेनश्टाइनच्या राजपुत्राच्या पदरी चित्रकार होते. परंतु फ्रांत्स अगदी लहान असतानाच ते वारले. पुढे फ्रांत्स व त्यांचे धाकटे बंधू फेर्डिनांड ह्या दोघांनीही वनस्पतींची चित्रे काढण्याची विद्या हस्तगत केली. फेर्डिनांड हे १८०१ साली फ्लिंडर्स यांच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियास गेले. फ्रांत्स यांचा मार्ग अगदी निराळा. १७९० साली बँक्स यांनी त्यांना लंडनजवळील क्यू येथील राजोद्यानात ठेवून घेतले आणि वर्षास तीनशे पौंड वेतन स्वतःच्या पदरचे चालू केले. बँक्स १८२० साली निवर्तले, तरी हे वेतन बंद पडू नये अशी तजवीज त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवली होती. बाउअर १८४० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, क्यू येथेच राहिले. एका माणसाने एका जागी बसून पन्नास वर्षे केवळ पाहावे आणि पाहिलेले काढावे, असा योग चित्रकाराच्या वाट्यास क्वचितच येतो. मोठ्या पगाराच्या अनेक पंडितांपेक्षा हे तीनशे पौंड अधिक सार्थकी लागले, असे म्हणावयास हरकत नाही.

तांबेऱ्याचे चित्र काढताना बाउअर यांनी जी रीत अनुसरली ती लक्षात घेण्यासारखी आहे. प्रथम त्यांनी रोगट काड जसे डोळ्यांस दिसते त्याच आकारात काढले. म्हणजे शेतकऱ्यास आपल्या शेतातील काडाशी ते ताडून पाहता येई. मग त्याच काडाचा तुकडा भिंगातून दिसेल तसा मोठा केला. त्यानंतर सूक्ष्मदर्शक यंत्राखाली दिसणारी बुरशी, तिचे झुबके आणि काडावरील रंध्रे दाखविली. अशा रीतीने परिचित वस्तूपासून आरंभ करून पाहणाराची दृष्टी पायरीपायरीने अपरिचित सृष्टीत नेली आहे. तांबेऱ्याचा एक बीजाणू लांबीस मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा असतो. त्याचे एकट्याचे चित्र समोर ठेवले तर ते वाटाण्याचे की अंड्याचे, हेही सामान्य माणसास कळणार नाही. मूळ आकाराचे काड शेजारी असले म्हणजेच त्यास अर्थ येतो.

येथे असा प्रश्न उद्भवेल की आज छायाचित्र क्षणात घेता येत असता हाताने चित्र काढण्याचे कारण काय? कारण असे की छायाचित्रात एकच पान व त्या पानाचा एकच क्षण सापडतो. त्यावरील धूळ, ओरखडे व चुरगळलेली कड हेही त्यात आलेच. चित्रकार दहावीस पाने पाहतो आणि रोगाचे जे लक्षण सर्वांत सारखे आढळते तेवढेच घेतो. दुसरी अडचण सूक्ष्मदर्शक यंत्राची आहे. त्याच्या प्रखर भिंगाखाली एका वेळी एकच पातळ थर स्पष्ट दिसतो, वरचे व खालचे सर्व पुसट. चित्रकार भिंग वरखाली करीत एकेक थर पाहतो व ते सारे एकाच चित्रात बसवितो. वोलास्टन यांनी १८०६ साली स्वामित्व घेतलेल्या ‘कॅमेरा ल्युसिडा’ ह्या काचेच्या उपकरणाने वस्तू व कागद एकदमच दिसतात, त्यामुळे प्रमाण चुकत नाही. मात्र उपकरणाने हात सरळ राहील. काय पाहावयाचे हे त्यास सांगता येत नाही. बाउअर यांनी १८०२ साली आमराच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींची चित्रे काढताना प्रत्येक पेशीतील केंद्रक काढून ठेवले होते. रॉबर्ट ब्राउन यांनी त्याचे महत्त्व ओळखून त्यास नाव दिले ते पुढे १८३१ साली.

बँक्स यांच्या पुस्तिकेत आणखी एक मुद्दा होता. बार्बेरी, म्हणजे आपल्याकडील दारुहळदीच्या जातीचे काटेरी झुडूप, जवळ असले की गव्हावर तांबेरा हटकून येतो, असे इंग्लंडातील शेतकरी पूर्वापार म्हणत. बार्बेरीच्या पानांवरही पिवळी बुरशी येते, तेव्हा ती व गव्हावरील बुरशी एकच तर नसेल, अशी शंका बँक्स यांनी व्यक्त केली. शेतकऱ्यांचे म्हणणे खरे होते! जर्मनीतील आंटोन द बारी यांनी १८६५ साली प्रयोगांनी ते सिद्ध केले. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत तांबेऱ्याच्या जीवनचक्राचे चित्र छापले जाऊ लागले: एका बाजूस गहू, दुसऱ्या बाजूस बार्बेरी व मध्ये बाण. अमेरिकेत १९१८ पासून बार्बेरीची झुडपे उपटून टाकण्याची मोठी मोहीम निघाली ती ह्याच ज्ञानाच्या आधारावर.

तेच चित्र आपल्याकडील पुस्तकांतही जसेच्या तसे आले आणि येथे मात्र त्याने पुष्कळांची दिशाभूल केली. आग्रा येथील डॉ. करमचंद मेहता यांनी अनेक वर्षे परिश्रम करून दाखविले की भारतात तांबेऱ्याच्या प्रसारात बार्बेरीचा हात नाही. मैदानी मुलखातील उन्हाळा तांबेऱ्याच्या बीजाणूंना सोसत नाही. ते डोंगराळ व थंड भागांत, आपोआप उगवलेल्या गव्हावर वगैरे, तग धरून राहतात व तेथून वाऱ्याबरोबर दरवर्षी पुन्हा खाली येतात. दक्षिणेत निलगिरी व पळणी हे डोंगर त्यांचे आश्रयस्थान होय. म्हणजे येथील चित्रात बार्बेरीच्या जागी डोंगर काढावयास हवा. महाराष्ट्रात गव्हाच्या तांबेऱ्यावरील संशोधनाचे केंद्र महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी आहे, हे ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

चित्र हे केवळ दाखविण्याचे साधन नसून मोजण्याचेही माप होऊ शकते. नेथन कॉब हे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या शेतकी खात्यात वनस्पतिरोगतज्ज्ञ होते व स्वतः कुशल चित्रकारही होते. तांबेरा ‘थोडा’ की ‘फार’, ह्या शब्दांचा अर्थ प्रत्येक निरीक्षक आपापल्या परीने लावतो, ही त्यांची अडचण होती. म्हणून १८९२ साली त्यांनी पानांची पाच चित्रे काढली व त्यांवर तांबेऱ्याचे फोड १, ५, १०, २० व ५० टक्के, अशा चढत्या प्रमाणात दाखविले. निरीक्षकाने शेतातील पान चित्राशेजारी धरावयाचे व जुळेल तो आकडा लिहावयाचा. कॅनडात १९४८ साली ह्या मापात सुधारणा झाली. फोड कितीही दाटले तरी त्यांच्यामध्ये फटी राहतातच. म्हणून पानाचा प्रत्यक्ष ३७ टक्के भाग व्यापला गेला की तांबेरा शंभर टक्के समजतात. गव्हाच्या नव्या वाणांची परीक्षा आजही ह्याच मापाने होते. नोंदवहीत ‘४० एस’ असे लिहिलेले असते, त्यातील ४० हा त्या चित्राशी ताडून घेतलेला आकडा आणि ‘एस’ म्हणजे वाण रोगास बळी पडणारा.

शेतकरी बंधूंनी ह्या हंगामात तांबेरा पाहताना फोडांचा आकार व जागा नीट न्याहाळावी. काळ्या तांबेऱ्याचे फोड लांबट असतात, ते बहुधा ताटावर व पानाच्या वेष्टनावर येतात आणि वरची साल फाडून बाहेर पडतात. नारिंगी तांबेऱ्याचे फोड लहान, गोल व पानावर विखुरलेले असतात. पिवळ्या तांबेऱ्याचे फोड पट्ट्यांच्या ओळींत येतात. परंतु त्यास थंडी अधिक लागत असल्याने तो मुख्यतः उत्तरेकडे आढळतो. शंका आल्यास रोगट पाने व काडाचा तुकडा कागदाच्या पाकिटात घालून कृषी विद्यापीठाकडे किंवा कृषी अधिकाऱ्याकडे पाठवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून दुसरीच बुरशी माजते व मूळ रोग ओळखू येत नाही. पाकिटावर वाणाचे नाव, पेरणीची तारीख व गाव लिहावे, आणि जमल्यास फोड ताटाच्या कोणत्या भागावर होते हे पेन्सिलीने रेखून दाखवावे. रेखाटन ओबडधोबड असले तरी चालेल.