हवामानाची जोखीम आणि उद्योगांचे सामाजिक दायित्व

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोहोचविण्यात आले. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानुसार मराठवाड्यातील मद्यनिर्मिती व अन्य उद्योगांच्या पाणीपुरवठ्यात कपात झाली. अवर्षण हे केवळ शेतकऱ्याचे संकट आहे, ही समजूत या दोन घटनांनी फोल ठरविली. गावाची पाणीयोजना आणि कारखान्याची जलवाहिनी पुष्कळदा एकाच धरणावर अवलंबून असतात. पाऊस लहरी झाला की दोघांचेही भवितव्य टांगणीला लागते.

कायद्याची चौकट

कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. पर्यावरणाचे संतुलन, माती व पाण्याचे संवर्धन या बाबी अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत प्रथमपासूनच आहेत. २०१९ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचीही त्यात भर पडली.

देणगीकडून नियोजनाकडे

एकेकाळी असे साहाय्य बहुधा शाळेची इमारत, रुग्णवाहिका किंवा पूरग्रस्तांना धान्य या स्वरूपाचे असे. ते आजही आवश्यक आहे. तथापि, संकट ओढवल्यावर मदत करण्यापेक्षा ते सौम्य करणे हितावह, हा विचार आता बळावत आहे. ‘सेबी’च्या निर्णयानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्याने आघाडीवर असलेल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना पाणी, ऊर्जा व हरितगृह वायू यांविषयीची माहिती जाहीर करावी लागते. जोखीम कागदावर आली की पाणलोट विकास, वनीकरण, गाळ काढणे या कामांकडे कंपनीचे लक्ष वळते.

सावधगिरीचे मुद्दे

मात्र येथे एक पेच आहे. निधी देताना कंपनीने आपल्या परिसरास प्राधान्य द्यावे, असे अधिनियम सांगतो. कारखाने जेथे दाट, तेथे निधी अधिक. अवर्षणाची झळ मात्र अनेकदा कारखाने विरळ असलेल्या तालुक्यांना बसते. हे प्राधान्य अपरिवर्तनीय नाही, असा खुलासा केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये केला आहे. त्याचा लाभ दूरच्या गावांनी घ्यावयास हवा. दुसरे असे की, नेहमीच्या व्यवसायातील कामे व कायद्याने बंधनकारक असलेल्या बाबी या खर्चात धरता येत नाहीत. सांडपाण्यावर प्रक्रिया करणे हे कारखान्याचे कर्तव्यच होय. गावात बंधारा बांधल्याने त्यातून सुटका होत नाही.

ग्रामपंचायतीचे कार्य

गावाचा आराखडा तयार नसेल, तर कोणते काम घ्यावयाचे हे देणाराच ठरवितो. म्हणून पर्जन्यमान, विहिरींची पातळी, टँकरची मागणी यांच्या नोंदी ठेवून ग्रामसभेने कामांचा अग्रक्रम निश्चित करावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने पर्जन्यमापनाच्या नोंदी ठेवल्यास त्या आराखड्यास आधार मिळेल. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत उद्योग व स्वयंसेवी संस्थांच्या सहभागास वाव ठेवण्यात आला आणि गाळ शेतात वाहून नेण्याचा भार शेतकऱ्यांनी उचलावा, असे ठरले. अशा कामात गाव निव्वळ लाभार्थी न राहता भागीदार होते. बांधलेल्या बंधाऱ्याची देखभाल पुढे कोणी करावयाची, हेही आरंभीच लेखी ठरविले, तरच निधी संपल्यावरही पाणी टिकेल.